आधी गट, मग नाव

शून्य म्हणजे काही नाही, हे शाळेत.
ईसाफ्योर्दुरच्या मासळी लिलावघरात, तळमजल्यावर,
जिथे कॉडचा वास आणि आम्ही एकाच जिन्याने उतरतो,
तिथे शून्य म्हणजे मालक.
शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला
कुठलंच दार ‘तू कोण’ विचारत नाही.

आमचा लिलावाचा प्रोग्रॅम रोज शून्य म्हणून जन्मायचा,
कारण ऐंशी क्रमांकाचं दार उघडायला इतरांना मनाई.
दार उघडलं की अंगावरचं सगळं उतरवून
त्याने नऊशे सात व्हायचं:
बोली ऐकणारा, वजन लिहिणारा साधा कारकून.
तीन ओळींचं काम.
त्या तीन ओळी माझ्या.

जानेवारी. सूर्य डोंगरामागे जाऊन दोन महिने झालेले.
वादळाआधी सगळ्या बोटी एकदम धक्क्याला लागल्या,
आणि नऊशे सातच्या नावावर इतकी कामं चढली
की जुनं कर्नेल म्हणालं, आता आणखी एक नाही.
म्हणालं म्हणजे, उणे एक परत केलं.
मी ते वाचलंच नव्हतं.
‘झालं असेल’ ही सवय आमच्याकडे वडिलांपासून.
प्रोग्रॅम तसाच पुढे गेला,
गळ्यात कारकुनाचं ओळखपत्र,
खिशात सगळ्या गावाच्या किल्ल्या.

पहाटे तीनला ‘स्काल्दा’ ट्रॉलरवरून नोंद आली.
फाइलच्या नावात टिंब टिंब तिरकी रेघ,
पुन्हा टिंब टिंब तिरकी रेघ.
हल्ला होता का, कोण जाणे. खलाशी म्हणतो, हातमोजे.
नऊशे सात असता तर उंबऱ्यावरच अडला असता.
शून्याला कोण अडवणार?
सकाळी, आम्हा सगळ्यांची नावं असायची त्या फाइलीत
हॅडॉक, चारशे बारा किलो, बर्फासकट.
त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच कुणी नव्हतं.

हाल्वेग आली. बूट न काढता बसली.
जुन्या डिस्कवरून नावं परत आणली, एकेक,
मग माझ्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या.
त्यात त्या उलट्याही होत्या.
“आधी जोडगट. मग मुख्य गट. नाव सगळ्यात शेवटी.
नाव आधी टाकलंस तर गट कुणाच्या हक्काने टाकशील?
सोडायलाही हक्क लागतो, ब्रिन्यर.
आणि दर ओळीमागे विचार: झालं का?
नसेल झालं तर तिथेच मर, पुढे जाऊ नकोस.”
शेवटी तिने एक ओळ घातली, मला ती वेडेपणाची वाटली:
पुन्हा शून्य होऊन बघायचं.
जमलं, तर काहीच सुटलेलं नाही.

मे महिन्यात ती निवृत्त झाली. सदतीस वर्षं.
आधी गोदामाची किल्ली दिली, मग युनियनचं रजिस्टर,
मग कॉफीच्या वर्गणीचा डबा, मोजून;
दोनशे क्रोना कमी होते, ते स्वतःचे घातले.
ओळखपत्र शेवटी, टेबलावर, उपडं.
केक होता. कुणीतरी भाषण केलं.
दाराच्या कोडमधून तिचा आकडा काढणं माझ्याकडे होतं.

सोमवारी सातला बाहेर बटणांचा आवाज.
काचेपलीकडे ती, हातात कुत्र्याचा पट्टा.
दिवा हिरवा झाला.
दार उघडलं. ती आत आली नाही.
“जमलं,” एवढंच म्हणाली,
आणि बाहेरूनच दार ओढून घेतलं.

मी खाली धावलो, आकडा काढला,
काढला का ते पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं.
वर आलो तेव्हा ती तिथेच, वाऱ्यात, केस तोंडावर.
तिने परत चार बटणं दाबली.
लाल.
मग कुत्र्याला म्हणाली, चल.